कोयता निघायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी एक दिवस काढा

बीड : दसरा झाला की आपल्या जिल्ह्यात मुकादमाचे फोन वाजायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, सगळीकडं तेच. पीठ, तेल-मीठ, भांडीकुंडी, ताडपत्री, दोन-चार गोधड्या आणि कडेवरची लेकरं घेऊन टोळ्या गाडीत बसतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी साताऱ्याकडं, कुणी थेट कर्नाटकात. गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं, शाळेत जाणारी लेकरं आणि दावणीची जनावरं. पुढचे पाच-सहा महिने घर त्यांच्या जिवावर.

निघताना घरच्या म्हातारीला काय काय सांगितलं जातं, ते आपल्याला पाठ आहे. राशन वेळेवर आण, म्हशीला पाणी दाव, पोरीला शाळेत धाड, गोळ्या चुकवू नको. पण "पडू नको" असं कुणी सांगत नाही. सांगितलं तरी ती काय करणार? पडणारं माणूस ठरवून पडत नाही. त्याच्यासाठी घराची आणि माणसाची थोडी तयारी आधी करावी लागते, आणि ती होते एका दिवसात.

हा लेख त्या एका दिवसाबद्दल आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी लिहिलाय, पण पोरं पुण्याला कंपनीत असली आणि आई-बाप गावाकडं असले, तरी हिशेब तोच.

खुबा मोडणं म्हणजे नेमकं काय

मांडीच्या हाडाचं वरचं टोक कमरेच्या वाटीत बसलेलं असतं. त्या गोल टोकाच्या खाली हाडाची मान असते, बारीक आणि तिरपी. सगळ्या अंगाचा भार तिथून पायावर उतरतो. वय वाढलं की हाडं आतून पोकळ आणि ठिसूळ होत जातात. बाईची पाळी गेल्यानंतर ही झीज जास्त वेगानं होते, म्हणून म्हाताऱ्यांपेक्षा म्हाताऱ्या बायांचे खुबे जास्त मोडतात. उंचावरून पडायची गरज नसते. उभ्यानं कुशीवर पडलं, ओट्यावरून घसरलं, एवढ्यानंही हाड जातं.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा असा आहे की जगात वर्षाला साधारण ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच नंबर लागतो. आणि या मरणाऱ्यांत सगळ्यात जास्त साठीच्या पुढची.

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण चार-पाचातलं एक वर्षभरात जातं, असं डॉक्टरी अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. गावात आपण म्हणतो, "पडल्याचं निमित्त झालं." पण माणूस मोडलेल्या हाडानं मरत नाही, त्याला मारतं ते अंथरूण. उताणं पडून राहिलं की फुफ्फुसात कफ साठतो, त्यातून न्यूमोनिया होतो. कंबर, माकडहाड, टाचा यांच्यावर दाब पडून कातडी सडते, जखमा होतात. पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. परसाकडंला बाजेवर बसवायचं म्हणजे कुणाला तरी बोलवावं लागतं, लाज वाटते, म्हणून माणूस पाणीच पीत नाही, जेवण कमी करतं. मग लघवीला जंतू धरतात, भ्रम होतो. महिना-दोन महिन्यांत काटक म्हातारी अशी वाळून जाते की ओळखू येत नाही.

पुढं ऑपरेशनबद्दल लिहिलंय ते वाचताना हे ध्यानात असू द्या.

पडतात कुठं आणि का

बहुतेक वेळा घरातच. आणि रात्रीही.

आपल्याकडं संडास बऱ्याच घरांत अंगणाच्या पल्याड आहे. म्हणजे रात्री दोनला उठायचं, अंधारात उंबरा ओलांडायचा, दोन पायऱ्या उतरायच्या, शेळीचं दावं चुकवायचं, न्हाणीच्या शेवाळावरून जायचं. लाईट असली तर असली. डोळ्यांत मोतीबिंदू असला तर पायरीची कड दिसतच नाही, सगळं एकसारखं राखाडी दिसतं. पायात पुढून तुटलेली स्लिपर. नऊवारीचा किंवा धोतराचा काठ पायात येतो तो वेगळाच.

दुसरं कारण डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर लिहितो. झोपेतून एकदम उठून उभं राहिलं की रक्त पायांकडं उतरतं. तरुण माणसाचं शरीर क्षणात नसा आवळून प्रेशर सांभाळतं. म्हाताऱ्याचं शरीर हे काम हळू करतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील, लघवी जास्त व्हायची गोळी असेल, म्हाताऱ्या पुरुषाला लघवीची धार सुटावी म्हणून दिलेली गोळी असेल, तर आणखी हळू. मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि माणूस कोसळतं. नंतर विचारलं तर म्हणतं, "पाय घसरला." खरं तर पाय घसरलेलाच नसतो.

हे तपासायला मोठं मशीन लागत नाही. उपकेंद्रात बीपी बसवूनच बघतात. तुम्ही सांगा की आडवं झोपवून एकदा बघा आणि उभं केल्यावर एक ते तीन मिनिटांत परत बघा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवून गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून घ्यायला हवी. मनानं गोळी बंद करायची नाही. बीपीची गोळी मनानं बंद केल्यावर लकवा मारलेली माणसंही आपल्याच गावात बसलेली आहेत.

साखरेचंही तसंच. संध्याकाळची गोळी घेतली आणि "आज भूकच नाही" म्हणून भाकरी खाल्ली नाही, तर रात्री साखर उतरते. दरदरून घाम, थरथर, बडबड, आणि मग पडणं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी बोलवायची. घरात दहा-बारा वर्षांचं लेकरू मागं राहणार असेल तर त्याला हे शिकवून ठेवा. लेकरं शिकतात पटकन.

झोपेच्या गोळ्या हा तिसरा भाग. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी म्हातारा माणूस वर्षानुवर्षं घेत असतो. रात्री उठल्यावर त्याचा तोल अर्धा झोपेतच असतो. ही गोळी जुनी असेल तर झटक्यात बंद करता येत नाही, डॉक्टरच्या सल्ल्यानं कमी करत न्यावी लागते.

म्हणून निघायच्या आधी एक काम करा. घरात जेवढ्या गोळ्यांची पाकिटं आहेत, फडताळातली, उशाखालची, डब्यातली, सगळी एका पिशवीत घाला आणि पिशवीसकट माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तीन डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या असतात, त्यातल्या दोन वेगळ्या नावांच्या पण एकाच औषधाच्या निघतात. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. महिन्याच्या महिन्याला त्या कुणी आणून द्यायच्या, हे आशाताईंशी बोलून ठरवा.

दहा फुटांची परीक्षा

म्हातारं माणूस पडण्याच्या बेताला आलंय का, हे घरीच कळतं. प्लास्टिकची खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. तिच्यापासून दहा फुटांवर खडूनं रेघ मारा. आजीला खुर्चीवर बसवा. मोबाईलवर सेकंद लावा. उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी लागत असेल तर काठीसकट. बाजूला कुणीतरी उभं राहा.

१२ सेकंदांच्या आत आली तर ठीक. जास्त लागले तर तोल आणि पायातली ताकद कमी झालीय असं समजा. त्यातही वळताना झोक जातो का, उठताना दोन्ही हात टेकावे लागतात का, ते बघा.

"मी अजून निंदायला जाते, मला काय धाड भरलीय," असं ऐकायला मिळेल. खरंय, जातात. पण खाली बसून निंदणं वेगळं आणि मांडीच्या बळावर हात न टेकता उठणं वेगळं. ही मांडीची ताकद कुठल्याही वयात वाढते. ओसरीच्या खांबाला धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा. खुर्चीवरून उठायचं-बसायचं, दहा वेळा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन, मग हळूहळू आधार कमी करून.

आणि खाणं. घरात दोन म्हशी, पण दूध सगळं डेअरीला आणि आजीला कोरा चहा, हे चित्र मी किती घरांत बघतो! घरातली माणसं गेल्यावर एकट्यासाठी कोण डाळ शिजवतं? चटणी-भाकरी खाऊन दिवस काढतात. दात नसले तर भाकरीसुद्धा चहात बुडवून. मांस झडतं ते तिथून. निदान पावशेर दूध घरी ठेवायचं ठरवून जा. शेंगदाण्याचं कूट, पिठलं, मऊ वरण, अंडं चालत असेल तर अंडं. सकाळचं ऊन अंगावर घेणं चांगलंच आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यायची का आणि किती, ते डॉक्टर सांगतील.

घरात काय करायचं

जास्त खर्च नाही. ट्रॅक्टरची वाट बघत बसता त्या दिवसात होतं.

संडासात आणि न्हाणीत हाताला धरायला पाईप बसवा. वेल्डिंगवाल्याकडं सव्वा इंची लोखंडी पाईपचा तुकडा दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारून मिळतो. भिंतीला बोल्ट टाकून पक्का. बसल्यावर हात पोचेल आणि उठताना जोर देता येईल, अशा उंचीवर. स्वतः लोंबकळून बघा, हलला तर उपयोग नाही. बादलीला किंवा दाराच्या कडीला धरून उठणारी माणसं दारासकट पडतात.

न्हाणीतलं शेवाळ खराट्यानं घासून काढा. गुळगुळीत फरशी असेल तर तिच्यावर खरबरीत सिमेंटचा हात मारून घ्या. पोतं किंवा जुनं फडकं टाकू नका, ओलं झालं की तेच घसरतं.

उंबऱ्याच्या आणि पायरीच्या कडेला पिवळ्या ऑईलपेंटचा पट्टा ओढा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यालाही पिवळी रेघ दिसते. आमच्या गावात एकानं हे केलं तेव्हा लोक हसले होते, नंतर चार घरांत पट्टे दिसले.

बाजेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर एक छोटा एलईडी बल्ब रात्रभर चालू ठेवा. लाईट जाते म्हणून चार्जिंगची बॅटरी बाजेच्या गाताला दोरीनं बांधून ठेवा. उशाखाली ठेवली की ती नेमकी रात्री सापडत नाही. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे रात्री लघवीसाठी बाजेजवळ भांडं, नाहीतर कमोडची खुर्ची. लाज वाटते म्हणून म्हातारी माणसं नको म्हणतात. पोरानं किंवा सुनेनं समजावून सांगितलं तर ऐकतात, शेजाऱ्याच्या सांगण्यावर ऐकत नाहीत.

बाज सैल झाली असेल तर नवार आवळा. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर येता कामा नयेत. खोल झोळीतून उठणं म्हणजे विहिरीतून वर येणं. आणि सवय लावा : जाग आली की आधी बाजेच्या कडेवर बसायचं, पाय खाली सोडून हलवायचे, एक मिनिट जाऊ द्यायचं, मग उठायचं.

रोज लागणारे डबे खालच्या फळीवर आणा. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायचं काम पोरांनी घरी असतानाच संपवून जावं. हंडा-कळशी भरून आणायचं काम दुसऱ्या कुणाकडं देता आलं तर बघा, पाण्याच्या दिवशी नळावर फार घसरापडी होते.

चप्पल मागून पट्टा असलेली. आणि काठी. काठीबद्दल बहुतेकांचं चुकतं. उजवा पाय दुखतो म्हणून काठी उजव्या हातात धरतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, म्हणजे दुखरा पाय आणि काठी एकदम पुढं पडतात आणि भार वाटला जातो. उंची किती? चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यायला पाहिजे. खाली रबरी बूट हवाच. शेतातली बांबूची काठी फरशीवर घसरते.

पडलंच तर

बगलेत हात घालून लगेच उभं करू नका. हे पहिलं. आपल्याकडं चार जण धावतात आणि ओढून उभं करतात, त्यात थोडं हललेलं हाड पूर्ण सरकतं.

आधी बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय का, पाऊल बाहेरच्या बाजूला लवंडलंय का, जांघेत कळ आहे का, पाय उचलता येत नाही का. यातलं काहीही असेल तर खुबा मोडला असं धरून चाला. कधी कधी पाय सरळ दिसतो आणि माणूस लंगडत चारपावलं चालतंही, पण जांघेतलं दुखणं जात नाही. तरी एक्स-रे हवाच.

तेल लावून चोळायचं नाही, ओढायचं नाही. हाडवैदाकडं नेऊन लेप बांधायचा नाही. मनगट, बोट यांचं काय असेल ते असेल, त्या वादात मी पडत नाही. खुब्याच्या हाडाला बाहेरून कुठलीही पट्टी धरून ठेवू शकत नाही, कारण ते हाड मांसाच्या खाली खोल असतं.

दोन्ही पायांच्या मधे घडी केलेली गोधडी ठेवा, दोन्ही पाय एकत्र हलके बांधा, आणि बाजेवर किंवा फळीवर उचलून घ्या. १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट आहे. दवाखान्यात विचारल्याशिवाय जेवण देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.

डोक्याला मार लागला असेल आणि माणूस बरं दिसत असेल, तरी पुढचे दिवस लक्ष ठेवा. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळू साठतं. आठ-पंधरा दिवसांनीसुद्धा झोपाळूपणा, उलट्या, एका बाजूला कमजोरी, बोलण्यात गोंधळ दिसू शकतो. तेव्हा "वयानं भ्रम झाला" म्हणून सोडून देऊ नका.

"वय झालंय, ऑपरेशन कशाला"

हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर ऐकलंय की त्यावर वेगळं लिहायलाच हवं. पंचाहत्तर वर्षांचं शरीर चिरफाड सोसणार नाही, त्यापेक्षा घरीच पडू दे, असं म्हणणारे दुष्ट नसतात. माया असते, भीती असते, पैशाची चिंता असते. पण वर लिहिलंय तसं, मारतं ते अंथरूण. घरी ठेवणं म्हणजे न चिरता त्याच अंथरुणावर सोडणं.

खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावं, असा डॉक्टरांचा नियम आहे. रॉड घालतात किंवा गोळा बदलतात, मोडलं कुठं त्यावर ठरतं. बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभं करतात. हेतू हाच की माणूस आडवं राहू नये. ऐंशीच्या पुढच्या माणसांचीही ही ऑपरेशनं रोज होतात. काहींचं हृदय किंवा फुफ्फुस खरंच साथ देत नाही, तिथं डॉक्टर नाही म्हणतात. पण ते तपासून डॉक्टरांनी म्हणायचं. ओसरीवर बसलेल्या पंचांनी ते ठरवायचं नसतं.

आपल्या जिल्ह्यात बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय ही मोठी सरकारी ठिकाणं. आष्टीकडच्या लोकांना अहिल्यानगर जवळ पडतं. खासगीत न्यायचं झालं तर दवाखाना योजनेत आहे का ते आधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढऱ्या राशनकार्डवालेही त्यात आहेत. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आपल्या माणसाचं नेमकं ऑपरेशन यादीत बसतं का, हे त्याच्याकडून पैसे भरायच्या आधी वदवून घ्या. योजनेचा फोन १५५३८८.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय ७० पूर्ण पाहिजे. इथं एक गोम आहे. म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. चेहऱ्यावरून किंवा ओटीपीवरून काम होतं. पण आधारला जोडलेला नंबर पोराचा असतो आणि पोरगं असतं फडात, रेंज नसलेल्या ठिकाणी. म्हणून हे कार्ड तुम्ही गावात असतानाच काढा.

आणि सहीचं. पोरगं तिकडं असल्यामुळं "सही कोण करणार" म्हणून ऑपरेशन थांबल्याच्या गोष्टी ऐकू येतात. माणूस शुद्धीवर असेल, समजत असेल तर संमतीची पहिली सही किंवा अंगठा त्याचाच. सोबतीला नातेवाईक मागतात, तो कोण असेल हे आधी ठरवून ठेवा. भावकीतला एक, शेजारचा एक.

एक पिशवी, एक कागद

आधारकार्ड, राशनकार्ड, वय वंदना किंवा आयुष्मान कार्ड, बँकेचं पासबुक, गोळ्यांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट. हे सगळं प्लास्टिकच्या एका पिशवीत घालून खुंटीला लावा आणि खुंटी शेजाऱ्याला दाखवून ठेवा. भिंतीवर मोठ्या अक्षरात फोन नंबर लिहा : १०८, पोराचा, मुकादमाचा (पोराला रेंज नसते तेव्हा), आशाताईंचा, गावातल्या जीपवाल्याचा. म्हाताऱ्या माणसाचा मोबाईल दोरीनं गळ्यात असू द्या. पडल्यावर फोन फळीवर राहिला तर काय कामाचा?

गरिबातल्या गरिबांसाठी श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये असतात, तहसीलमधून. ते खात्यावर येतायत का, हेही निघण्याआधी बघून घ्या. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना, घरचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर, काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. अर्ज सध्या घेतायत का, ते समाजकल्याणच्या कार्यालयात विचारा.

फोनवर काय विचारायचं

पडलेलं माणूस बऱ्याचदा सांगत नाही. मागच्या हंगामात एका वस्तीवरच्या आजीनं आठ दिवस सांगितलं नाही. शेजारणीनं चालताना बघितलं म्हणून कळलं. विचारलं तर म्हणाली, "पोरगं आलं असतं माघारी. उचल कोण फेडणार?"

या बोलण्यावर माझ्याकडं उत्तर नाही. उचल खरी आहे, एक कोयता मधेच परत आला तर मुकादमाचा हिशेब अंगावर येतो, हेही खरं आहे. एवढंच सांगतो की आठव्या दिवशी कळलेला खुबा पहिल्या दिवशी कळलेल्या खुब्यापेक्षा महाग पडतो, पैशानंही आणि माणसानंही. म्हणून जाण्याआधी तोंडानं सांगून जा : "पडलीस तर त्याच दिवशी सांग, आम्ही नाही आलो तरी अमका तुला दवाखान्यात नेईल."

आणि रोज फोन केला तरी "बरं हाय ना?" एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर "बरं हाय" हेच येतं. आज कुठं गेली होतीस, देवळात गेली का, कुणाच्या ओट्यावर बसलीस, काय शिजवलंस, असं विचारा. रोज देवळापर्यंत जाणारी बाई चार दिवस अंगणातच असेल, तर काहीतरी झालंय. एकदा पडलेलं माणूस पडायच्या भीतीनं बसून राहतं, बसून राहिलं की पाय आणखी कमजोर होतात, आणि मग दुसऱ्यांदा पडतं. लेकरू घरात असेल तर त्याला वेगळं विचारा, लेकरं लपवत नाहीत. तुमचं लेकरू शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर घरात रात्री म्हातारं माणूस एकटंच असतं. मग सकाळी दार उघडलं का, एवढं बघायचं काम एका शेजाऱ्याकडं ठरवून द्या.

बोलायला, सल्ल्याला किंवा घरात कुणी त्रास देत असेल तर सांगायला ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकट नंबर आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

राहिला मोतीबिंदू. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, पण त्यानंतर काही आठवडे डोळ्यात थेंब घालायला आणि चुलीच्या धुरापासून जपायला घरात माणूस लागतं. गाडी निघायला दोन-चार दिवसच उरले असतील तर घाई करू नका, आता नाव नोंदवून ठेवा आणि पाडव्याच्या सुमारास परत आलात की पहिल्याच आठवड्यात घेऊन जा. तोवर पिवळा पट्टा आणि बल्ब.